बाहेरून तीच

हिंगोलीच्या आमच्या घरासमोर बाबांची बजाज चेतक उभी असते. नंबर एमएच-२२, म्हणजे परभणीचा. १ मे १९९९ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पुढे इथल्या गाड्यांवर एमएच-३८ आलं. चेतक मात्र परभणीचीच राहिली.

यंदा दिवाळीत मी बाबांना म्हणालो, "इंजिन काढून मोटार अन् बॅटरी बसवू. बाहेरून काहीच बदलणार नाही." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे हे रोजचंच: स्क्रीन तीच ठेवायची आणि मागचा जुना कोड काढून नवा लिहायचा. वापरणाऱ्याला फरक कळला नाही, तर काम चोख.

कायद्यालाही यात वावगं वाटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मान्यता असलेलं किट बसवून आरसीवर इंधनाची नोंद बदलून घेता येते. इंजिन गेलं तरी चेसिस नंबर तोच. कायद्यापुरती गाडी तीच.

पण माझ्यापुरती? थीसियसच्या जहाजाचं जुनं ग्रीक कोडं तुम्ही ऐकलं असेल: कुजलेली एकेक फळी बदलत गेलो, तर शेवटी जहाज तेच का? तिथे निदान फळीच्या जागी फळी येते. इथे धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या जागी एक मुकी पेटी येणार. गल्लीच्या तोंडाशी चेतकचा आवाज आला की आई चहा ठेवायची. तिने गाडीकडे वळून कधी पाहिलंही नसेल. तिच्यासाठी चेतक म्हणजे तो आवाज.

आणि 'मूळ' तरी कशाला म्हणायचं? १९७२ साली आलेल्या चेतकचा घाट मुळात इटलीच्या वेस्पा स्प्रिंटचा, नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. पुढे कंपनीनेच तिला फोर-स्ट्रोक इंजिन दिलं. २०१९मध्ये विजेवरची चेतक दाखवली, तेव्हा तर आतलं-बाहेरचं सगळंच नवं होतं. जुनं फक्त नाव. ज्याला जे जपावंसं वाटलं, त्याने ते जपलं.

हे सगळं मी बाबांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सीट थोडी खाली करता येईल का? पाय टेकत नाही आता नीट."

"लूक जाईल ना बाबा!"

ते हसले. "लूक तू बघतो. गाडीवर मी बसतो."

मी वर्षातून दोनदा हिंगोलीला येतो. एरवी पुण्यातून व्हिडिओ कॉल. त्यात बाबा तेच दिसतात: तीच मिशी, तोच चष्मा. गुडघ्यामुळे त्यांना किक मारता येत नाही, हे मला आईकडून कळलं, तेही या दिवाळीत. कॉलवर गुडघे दिसत नाहीत.

बाहेरचं रूप तसंच ठेवायचा माझा हट्ट गाडीसाठी नव्हताच. मी नसताना इथे काही बदलू नये, एवढंच मला हवं होतं. जे रोज इथे राहतात, त्यांना ही चैन परवडत नाही. त्यांना मंडईत जायचं असतं, दवाखान्यात जायचं असतं.

मोटार बसवायची ठरलं, तर ती किक मारावी लागू नये म्हणून. सीट मात्र आधी खाली होणार. फोटोत ती जरा वेगळी दिसेल. पण बाबा तिच्यावर बसून मंडईत जातील, तोवर माझ्या हिशेबी गाडी तीच.