न झाकलेली विहीर



आपल्या वसईत बंदूक म्हटली की डोळ्यांपुढे पोलीस ठाणे येते, नाहीतर बँकेच्या दारातला सुरक्षा रक्षक. घरातल्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली भरलेले पिस्तूल ही गोष्ट आपल्याला सिनेमातली वाटते. मग रविवारच्या या पानावर हा विषय कशाला, असे कोणीही विचारील. कारण सरळ आहे. आपल्या कितीतरी घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. मुलीच्या बाळंतपणाला, नातवंडे सांभाळायला आईवडील तिकडे जाऊन महिनोनमहिने राहतात. नातू शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि शेजारच्या मित्राकडे खेळायला पळतो. त्या मित्राच्या घरात बंदूक असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ अधिक आहे. तिथले दहा प्रौढांपैकी सुमारे चार जण बंदूक असलेल्या घरात राहतात.

बंदूक असणे हा तिथे कायद्याने मान्य केलेला हक्क आहे आणि त्या हक्काविषयी आज मला काही म्हणायचे नाही. प्रश्न ती ठेवायची कशी, एवढाच आहे. २०१५ साली झालेल्या एका पाहणीवरून संशोधकांनी अंदाज केला, की त्या देशातील सुमारे ४६ लाख मुले अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक गोळ्या भरलेली आणि कुलपाबाहेर आहे. २०२० साली १ ते १९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकले. यातला मोठा भाग खुनांचा आणि आत्महत्यांचा आहे, चिमुकल्यांच्या अपघातांचा भाग त्या मानाने लहान, हेही सांगितले पाहिजे. पण किशोरवयीन मुले आत्महत्येसाठी जी बंदूक उचलतात तीही बहुधा घरचीच असते. कपाट एकच आहे.

लहान मुलाच्या बोटांत घोडा ओढण्याइतकी ताकद कुठली, असे आपल्याला वाटते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकदच मोजली होती. तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी चौथा हिस्सा मुलांना दोन बोटांनी बहुतेक पिस्तुलांचा घोडा ओढता येईल असे आढळले. सात-आठ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात नव्वद होते. व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज या शहरात ६ जानेवारी २०२३ रोजी सहा वर्षांच्या मुलाने वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. बाई वाचल्या, पण गंभीर जखमी झाल्या. पिस्तूल त्याच्या आईचे होते. ड्रॉवरवर चढून आईच्या पर्समधून ते काढले, असे त्याने नंतर सांगितले. आईला तुरुंगवास झाला.

हे इतके दूर अमेरिकेतच घडते असेही नाही. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारमधील सुपौल जिल्ह्यात बालवर्गातल्या एका मुलाने घरून दप्तरात आणलेल्या पिस्तुलाने तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली. गोळी हाताला लागली म्हणून तो वाचला. आपल्या देशात परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनहून अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराकडून लेखी घेतली जाते. पण हमीचा कागद कचेरीत असतो आणि पिस्तूल उशीखाली.

आता खरा प्रश्न. दोन शेजारी डोळ्यांसमोर आणा. दोघेही सज्जन, दोघेही मुलांवर जीव टाकणारे. दोघांनीही भरलेले पिस्तूल पलंगाजवळच्या खणात ठेवले आहे, कुलूप नाही. एकाच्या चार वर्षांच्या मुलाने एके दिवशी तो खण उघडला. दुसऱ्याच्या मुलाने कधीच उघडला नाही. पहिला कोर्टात उभा राहतो, वर्तमानपत्रात त्याचे नाव येते, आयुष्यभर त्याला झोप नाही. दुसरा रविवारी नेहमीच्या बाकावर येऊन बसतो आणि त्याला आपण काही केले आहे असे वाटतही नाही. दोघांच्या करणीत फरक कोणता? काहीच नाही. फरक एवढाच, की एका मुलाला त्या दिवशी खेळणे सापडले नव्हते.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी मोठ्या जोराने मांडला. नेगेल यांचे उदाहरण बंदुकीचे नसून वाहनचालकाचे आहे. ब्रेक तपासायची हयगय केलेला एक चालक, आणि अचानक रस्त्यात आलेले मूल. मूल आले नसते तर तोच माणूस, तीच हयगय, पण त्याला कोणी काही बोलले नसते. नशिबाने माणसाचा दोष वाढतो किंवा घटतो का? विद्वान अजून यावर वाद घालीत आहेत. मला विचाराल तर दु:खात फरक पडतो, भरपाईच्या कर्तव्यात फरक पडतो, शिक्षेतही पडत असेल. पण दोष तोच. तेव्हा पहिल्याला दगड मारायला निघालेल्या दुसऱ्याने आधी घरी जाऊन आपला खण पाहावा.

मोशेच्या नियमशास्त्रात हा विचार फार जुन्या काळापासून आहे, तोही अगदी शेतकऱ्याच्या भाषेत. निर्गमच्या २१व्या अध्यायात खड्डा खणून तो न झाकणाऱ्याविषयी नियम आहे: त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले तर भरपाई खड्डेवाल्याने करायची. त्याच अध्यायात मारक्या बैलाची गोष्ट आहे. बैल पहिल्यांदाच कोणाला मारतो तेव्हा धन्याला एक न्याय. पण बैल मारका आहे हे धन्याला आधी सांगितलेले असूनही त्याने तो बांधून ठेवला नाही, तर न्याय वेगळा आणि फार कडक. अनुवादच्या २२व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीभोवती कठडा बांधायला सांगितले आहे, नाहीतर पडणाऱ्याचे रक्त त्या घरावर येते. कठड्याचा नियम मला या तिन्हींत विशेष वाटतो. तो कोणी पडल्यानंतरचा नाही. कोणी पडो वा न पडो, कठडा नसणे हीच चूक.

आपल्याकडे हे समजावून सांगावे लागत नाही. वसईत जिथे तिथे विहिरी, बावखले. विहिरीला कठडा नाही आणि अंगणात रांगते मूल आहे, असे घर दिसले तर गावातली कोणतीही म्हातारी घरात शिरून बोलणी देऊन जाईल. आमचा बाळ तिकडे जात नाही, हे उत्तर ती ऐकून घेणार नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात विचारले होते, की चुकून कोणाच्या हातून मनुष्य मेला तर तो खुनाचा दोषी ठरतो का? त्यांचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. जे आपल्या इच्छेत नव्हते ते पाप नव्हे, हे खरे. पण जी गोष्ट दूर करणे आपले कर्तव्य होते ती आपण दूर केली नाही आणि तिच्यातून मृत्यू ओढवला, तर त्या मृत्यूत आपली इच्छा आडवाटेने शिरलेली असते. माणूस योग्य काम करीत असेल आणि पुरेशी काळजी घेत असेल तरच तो सुटतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही पाचव्या आज्ञेखाली, २२६९ व्या परिच्छेदात, हाच विचार आहे: हेतू नसताना घडलेली हत्या माथी येत नाही, पण तसेच सबळ कारण नसताना कोणाचा जीव जाईल असे वागणारा गंभीर दोषातून सुटत नाही.

सबळ कारण. इथे समोरच्या माणसाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. तो म्हणतो, मी बंदूक हौसेने घेतलेली नाही. घर एकाकी आहे, पोलीस यायला अर्धा तास लागतो, आणि चोर आत शिरल्यावर मी किल्ली शोधत बसू काय? आपल्या माणसांचे रक्षण करणे हा हक्क आहे, नव्हे, ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्याचे ते कर्तव्य आहे, असे ख्रिस्तसभाही शिकवते. २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा, घरातली बंदूक सुटी करून किंवा घोड्याला कुलूप लावूनच ठेवण्याचा नियम रद्द केला तो याच कारणाने. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया स्वत: कॅथलिक होते, नऊ मुलांचे वडील होते. मात्र त्याच निकालपत्रात त्यांनी हेही नोंदवले, की अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे कायदे या निकालाने अवैध ठरत नाहीत. ही ओळ पुष्कळजण विसरतात.

त्या बापाची भीती खरी आहे. पण त्याने तराजूत दोन्ही गोष्टी टाकाव्यात. चोर येईल किंवा येणार नाही. मूल मात्र घरात आहेच, रोज आहे, आणि त्याचा दिवसाचा उद्योगच मुळी खण उघडून पाहण्याचा आहे. शिवाय आकड्यांनी किंवा बोटाच्या ठशाने काही क्षणांत उघडणाऱ्या लहान पेट्या आज मिळतात. त्या मिळू लागल्यापासून, किल्ली की जीव हा पेच बराचसा उरलेला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे असे आहे की मुलांच्या घरात बंदूक नसणे सर्वांत चांगले; असलीच तर ती रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की यातील प्रत्येक गोष्टीने मुलांचे अपघात आणि आत्महत्या कमी होण्याशी संबंध आहे.

दुसरे म्हणणे अधिक ऐकू येते: आम्ही मुलाला शिकवले आहे, तो हात लावणार नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगावासा वाटतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे दोघा-तिघांचे २९ गट एका खोलीत बसवले. खणात खरे पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. २१ गटांना ते सापडले. १६ गटांनी ते हाताळले. १० गटांत कोणीतरी घोडा ओढला. हाताळणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना बंदुकीपासून सावध राहण्याचे धडे आधीच मिळालेले होते. २००६ साली आणखी एक अभ्यास आला. ज्या आईवडिलांनी सांगितले की बंदूक कुठे ठेवली आहे हे आमच्या मुलाला ठाऊक नाही, त्यांच्यापैकी शंभरात ३९ जणांची मुले म्हणाली, ठाऊक आहे.

यात मुलांचा दोष नाही. मूल शहाणे असावे ही अपेक्षा ठीक, पण त्याच्या शहाणपणावर जीव टांगून ठेवणे म्हणजे आपले ओझे त्याच्या खांद्यावर देणे. आणि गोळी सुटलीच तर ते ओझे तो आयुष्यभर वाहतो. मेलेल्या मुलासाठी सारे रडतात. ज्याच्या हातून ते घडले त्या पाच वर्षांच्या भावाचे काय? त्याने पाप केलेले नाही, तो विवेकाच्या वयातही आलेला नाही. तरी विसाव्या वर्षी तो आरशात कोणाला पाहत असेल? झोपलेल्या बापाच्या त्या एका आळसाने दोन मुले जातात.

देवाने राखले, असे आपण सहज म्हणतो. कृतज्ञतेने म्हणत असू तर चांगलेच. पण देवाच्या राखण्याचा कुलपासारखा उपयोग करणे हा विश्वास नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवदूतांची वाट पाहण्याचे प्रभू येशूने नाकारले, तो प्रसंग आपण उपासकाळात ऐकतो.

राहिला विचारण्याचा प्रश्न, आणि आपल्या माणसांना हाच सर्वांत अवघड जातो. परक्या देशात, जावयाच्या शेजाऱ्याला, तुमच्या घरात बंदूक आहे काय असे विचारायचे कसे? त्याला राग येईल, मुलीची ओळख तुटेल. आपण तर कोणाच्या घरी गेल्यावर चहात साखर जास्त झाली तरी बोलत नाही. पण विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपण सांगतोच ना, की त्याला चिक्की देऊ नका? त्याने कोणी रागावत नाही. अमेरिकेतही २००० सालापासून पालकांनी हे विचारावे अशी मोहीम चालू झाली आणि बालरोगतज्ज्ञांनी तिला साथ दिली. २१ जून हा त्यासाठी खास दिवस ठरवला आहे, कारण तेव्हा तिकडे मुलांच्या सुट्ट्या असतात. ज्याने बंदूक नीट ठेवली आहे तो उत्तर देताना अभिमानानेच देतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडे मुलाला पाठवायचे की त्याच्या मुलाला आपल्याकडे खेळायला बोलवायचे, हे मग ठरवता येते.

जाता जाता घरची एक गोष्ट. बंदूक नसेल, पण फवारणीचे औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून मोरीच्या कट्ट्यावर ठेवण्याची सवय आपल्या वाड्यांतून अजून गेलेली नाही. त्याला वर लिहिलेले सगळे जसेच्या तसे लागू आहे.

येत्या सुट्टीत जे आजी-आजोबा तिकडे निघाले आहेत त्यांनी विमानात बसण्याआधीच मुलीशी किंवा सुनेशी फोनवर बोलून घ्यावे: नातू कोणाकोणाच्या घरी जातो, तिथे शस्त्र आहे काय, कुलपात आहे काय, गोळ्या वेगळ्या आहेत काय. मुलाच्या स्वत:च्या घरात असेल तर त्यालाही विचारावे. मोठा झाला म्हणून भिडू नये. आणि किल्ली कुठे असते, हे मात्र नातू समोर असताना विचारू नये.