साभार परत

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथा-कवितेला वर्षाचा एक ठरलेला हंगाम मिळाला. आजही वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात. एरवी कथासंग्रहाच्या वाटेला न जाणारा माणूस या दिवसांत चार-सहा नव्या कथा वाचून काढतो, हे थोडे नव्हे.

पण हंगामाबरोबर घाईही येते. पावसाळ्यातच संपादकांचे फोन सुरू होतात आणि नावाजलेला लेखक भिडेखातर अनेकांना ‘हो’ म्हणून बसतो. मग कथा कच्चीच उतरवली जाते. कवितेचे हाल त्याहून वाईट. कथा संपून पान अर्धे कोरे राहिले की तिथे आठ ओळी बसवायच्या, हा कित्येक अंकांचा रिवाज. अशा वेळी कविता निवडली जाते ती तिच्या लांबीवरून.

दोष जाहिरातींना देऊन आपण मोकळे होतो. जाहिरातींच्या पैशावर अंक छापून होतो, हे खरेच. मात्र तो घडतो संपादकाच्या हातून, आणि ‘साभार परत’ म्हणण्याची हिंमत नसेल तर संपादक नुसता संकलक ठरतो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी ‘मौज’-‘सत्यकथा’ या नियतकालिकांच्या लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा पुन्हा लिहायला लावल्या. त्या चोखंदळपणाला मर्यादा होत्या. बाहेर राहिलेल्यांचा राग लघुनियतकालिकांतून उसळला, ‘सत्यकथे’च्या अंकाची होळीही झाली. तरी तो राग निघू शकला, कारण समोर एक ठाम भूमिका उभी होती. कारण सांगून दिलेल्या नकाराशी भांडता येते. न वाचता छापलेल्या कथेच्या लेखकाला मानधनापलीकडे काय मिळते?

आपल्या हातीही काही आहे. यंदा अंक घेताना मुखपृष्ठावरची नावे बाजूला ठेवून अनुक्रमणिका उघडा. कधी न ऐकलेली नावे तिथे आहेत का, कवितांना स्वतःची पाने दिली आहेत का, एवढे पाहा. आवडलेल्या आणि फसलेल्याही कथेबद्दल संपादकाला कळवा. वाचकच चोखंदळ नसेल, तर संपादकाने नकाराचा वाईटपणा कोणासाठी घ्यावा?