तारा कोणासाठी तुटत नाही



२ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी आपल्यापैकी अनेकांचे डोळे रमजानचा चंद्र शोधत आकाशाकडे लागले होते. त्याच सायंकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत्या गोळ्यांची एक रांग सरकत गेली. अशा वेळी ‘कयामतची निशाणी’ असा संदेश मोबाइलवरून फिरायला वेळ लागत नाही. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडलेले आढळले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असे अभ्यासकांनी सांगितले.

प्रत्येक युगाने आकाशात आपलेच भय वाचले आहे. १०६६ मध्ये इंग्लंडच्या आकाशात धूमकेतू दिसला आणि त्याच वर्षी राजा हॅरल्ड रणात पडला. लोकांनी दोहोंची सांगड घातली. तोच हॅलेचा धूमकेतू १९१० मध्ये परतला, तेव्हा त्याच्या शेपटीतील विषारी वायूची धास्ती पसरली. त्यावर गोळ्याही विकल्या गेल्या. (विकणारे मात्र सर्व युगांत सारखेच!)

एका रात्री तारा तुटताना दिसला, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सहाबांना विचारले, अज्ञानकाळात तुम्ही याला काय म्हणत होता? ते म्हणाले, आज कोणी थोर पुरुष जन्मला किंवा वारला, असे आम्ही मानत असू. पैगंबरांनी (स.) सांगितले, की तारा कोणाच्या जन्मासाठी वा मृत्यूसाठी तुटत नाही. त्यामागील गैबचे जे वर्णन त्यांनी पुढे केले, ते वहीने कळलेले आहे. त्यात आपल्या तर्काची भर घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या शिकवणीची कसोटी त्यांच्याच घरी लागली. इ.स. ६३२ मध्ये त्यांचे सुमारे दीड वर्षाचे पुत्र इब्राहीम वारले आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. सूर्यही शोक करतो आहे, असे मदिनेत लोक बोलू लागले. पित्याचे डोळे पाणावलेले होते. ते गप्प राहिले असते, तरी त्यांचा गौरवच वाढला असता. पण त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले, की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही.

आणि आपल्या घरांत? ग्रहणात गरोदर सुनेला सुरी-कात्रीला हात लावू देत नाहीत, तासन् तास एका जागी बसवून ठेवतात. पुढे बाळ फाटलेल्या ओठाचे जन्मले, की तिनेच ग्रहण पाळले नाही, असा ठपका येतो. ज्या दोषाचा पुरावा नाही तो एका मातेच्या माथी मारणे हा बोहतान आहे, आणि अशा सुनेची क्षमा मागणे सासू-सासऱ्यांचे कर्तव्य ठरते.

ग्रहण लागले, तर तिलाही नमाजात सामील करून घ्या. शाफई पंथात या नमाजाच्या प्रत्येक रकअतीत दोन रुकू असतात, हनफी पंथात नेहमीप्रमाणे एकच. ग्रहण सुटेपर्यंत दुआ करीत राहावे आणि सदका द्यावा.