ताटीआडचा पुरुष

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हे अनेकांना आठवत असेल. त्याच पुरात सोनिवलीतील आमच्या एका टाळकऱ्याच्या घरात पाणी शिरले. नोकरी आधीच सुटलेली. त्याने मुकाट्याने चिखल उपसला, बायकामुलांना धीर दिला. महिनाभराने हरिपाठ चालू असता त्याचे डोळे भरून वाहू लागले. शेजारचा एक जण म्हणाला, "अरे, पुरुषमाणूस ना तू? रडतोस काय?" तो उठून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

ते बोलणारा मीच होतो.

मला वाटले, मी त्याला धीर दिला. खरे तर मी त्याचे दार बाहेरून लावून घेतले.

घर ज्याच्यावर उभे आहे त्याने खंबीर असावे, हे खरेच. पण सोसणे वेगळे आणि कोंडणे वेगळे. दुष्काळात तुकोबांची पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. ते दुःख त्यांनी लपवले नाही, पांडुरंगापुढे मोकळे केले. त्यांना दुबळे कोण म्हणेल? आणि ज्ञानोबाराय! संन्याशाची पोरे म्हणून लोकांनी हिणवले, तेव्हा ते व्यथित होऊन ताटी लावून आत बसले, असे परंपरा सांगते. धाकटी मुक्ताबाई दाराशी आली. तिने त्यांना पुरुषार्थ शिकवला नाही, लाजवलेही नाही. ती प्रेमाने विनवीत राहिली. तेच ताटीचे अभंग.

आपण ज्ञानोबांना माउली म्हणतो, विठ्ठलाला विठाई म्हणतो, वारीत अनोळखी पुरुषाच्या पायांवर डोके ठेवून त्यालाही माउली म्हणतो. मग घरी परतल्यावर त्याच माउलीच्या डोळ्यांतले पाणी आपल्याला का खुपते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे दर दहांत सात. यांतल्या कितीजणांच्या ताटीशी कोणी गेले असेल?

मी उशिराच गेलो. "चुकलं माझं, माउली," एवढेच म्हणालो. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, रात्र रात्र झोप नाही, जीव नकोसा झाला आहे. मी उपदेश केला नाही, ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोबरोबर आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. नामस्मरण आहेच. पण ताप आल्यावर आपण औषध घेतो, तसेच मनाचे दुखणेही दाखवावे. आता तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन केला तरी बोलायला माणूस मिळतो.

पुढे तो पुन्हा हरिपाठाला येऊ लागला. टाळ घेत नसे, पायरीशी बसे. कधी डोळे पुसे. आम्ही सरकून त्याला जागा देत असू.

राम कृष्ण हरि.