प्रारब्ध आणि विडी

वडिलांच्या मेंदूतली नस फुटली, पुढे आत्याचीही. आमच्या गावात, अकलोलीत, सगळे म्हणाले, प्रारब्ध! मला ते अर्धंच पटतं. रक्तवाहिनीच्या कमकुवत भिंतीला फुगा येतो, तो अ‍ॅन्युरिझम; दोघांचा तोच फुटला. जवळच्या नात्यात दोघांना झाला, तर उरलेल्यांचा धोका वाढतो. हे प्रारब्ध कुणी मागून घेतलेलं नसतं. पण तंबाखू आणि न सांभाळलेला रक्तदाब त्यात भर घालतात. ते क्रियमाण, म्हणजे आपल्या हातातलं. धाकटा भाऊ तानसा नदीकाठच्या गरम कुंडात अंघोळ करतो, महादेवाला हात जोडतो आणि ओल्या पंच्यावरच विडी शिलगावतो. त्याला म्हटलं, “बाबा रे, आधी ते बंडल टाक, बीपी मोज, डॉक्टरांना विचारून डोक्याचा एमआर अँजिओ कर. मग दैवाला काय बोलायचं ते बोल.”