रेषेचा रोख

वृत्तपत्रात, पाठ्यपुस्तकात, निवडणुकीच्या दिवसांत तर घरोघरी, वर-खाली जाणारी एक रेषा आपल्यापुढे मांडली जाते आणि आपण तत्काळ निष्कर्ष काढतो. रेषा चढली की कोणाला तरी दोष, उतरली की कोणाला तरी श्रेय! हे काम निव्वळ गणिताचे, अशी आपली समजूत असते. परंतु कारणांची यादी करताना आपण स्वतःला तीतून वगळतो की नाही, हा प्रश्न गणिताचा नव्हे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात एकोणिसाव्या शतकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११.४ माता दगावल्या, दुसऱ्यात २.८. बहुतेकींचा बळी सूतिकाज्वराने घेतला. कारणे पुष्कळ सुचविली गेली. गर्दीचे कारण टिकेना, कारण गर्दी दुसऱ्या विभागातच अधिक होती. एक कारण आपणां ख्रिस्ती वाचकांना विशेष वाटेल. मरणासन्न स्त्रीला अखेरचा ख्रिस्तप्रसाद देण्यास धर्मगुरू येत, तेव्हा पुढे घंटा वाजे. पहिल्या विभागात त्यांना अनेक दालनांतून जावे लागे. त्या नादाने बाळंतिणी धास्तावतात, असे काहींना वाटले. तेथील साहाय्यक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी धर्मगुरूंना घंटेविना, आडवाटेने येण्याची विनंती केली. त्यांनी ती मानली. मृत्यू घटले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये एका सहकाऱ्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून त्याला विषबाधा झाली होती आणि लक्षणे बाळंतिणींसारखीच होती. डॉक्टर व विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिगृहात येत. सुइणींचा शवविच्छेदनाशी संबंध नव्हता. मेच्या मध्यास सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८.३ वर असलेले प्रमाण जुलैत १.२ झाले.

येथे सावध वाचकाने थोडे थांबावे. एप्रिल ते जुलै एवढाच तुकडा पाहिला तर सारे सिद्ध झाल्यासारखे दिसते. मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत, हात धुण्याचा नियम नसतानाही, प्रमाण १.९ होते. मग रेषा काय सांगते? त्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांची संख्या कमी केली होती. शिवाय सेमेलवाइस त्या महिन्यांत पदावर नव्हते. २० मार्चला ते परतले, आणि एप्रिलमध्ये रेषा त्या वर्षाच्या शिखरावर गेली.

शवविच्छेदन ते अत्यंत निष्ठेने करीत. रोगाचे मूळ सापडावे म्हणूनच करीत. त्या शिखराचा रोख कोणाकडे असू शकतो, हे त्यांनी झाकून ठेवले नाही. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली कबरीत गेल्या ते एक देवच जाणे, अशा अर्थाची कबुली त्यांनी १८६१ च्या आपल्या ग्रंथात छापली. त्यांचे अनेक समकालीन मात्र हवेलाच दोष देत राहिले. सद्गृहस्थ डॉक्टरांचे हात मृत्यू वाहून नेतात, हे त्यांना मानवणे कठीण होते. (सेमेलवाइस यांची भाषाही पुढे फार कडवट झाली, हेही खरे.)

एका उन्हाळ्यावर विसंबून निर्णय देणे घाईचे ठरले असते. त्यासाठी पुढचे वर्ष पाहावे लागले. १८४८ साली पहिल्या विभागातील प्रमाण शेकडा १.३ च्या आसपास आले, आणि मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत तेथे एकही माता दगावली नाही.