ध्वनीची मुदत आणि भाषेची मुदत

कर्णबधिर मुलावर कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे कानात श्रवणयंत्राचे रोपण करण्याची, शस्त्रक्रिया झाली, की त्याच्या आईवडिलांना अनेक ठिकाणी जे पहिले फर्मान ऐकवले जाते ते असे, की आजपासून घरात हातांच्या खुणा बंद. मुलाने पाणी मागण्यासाठी अंगठा ओठांकडे नेला तरी त्याकडे दुर्लक्ष करावे, आणि तोंडातून शब्द निघेपर्यंत पेला त्याच्या हाती देऊ नये. या सल्ल्याच्या समर्थनार्थ शास्त्राचा दाखला दिला जातो. भाषा आत्मसात करण्याचे वय निसर्गाने ठरवून दिलेले आहे, ते उलटले की मेंदूची ती क्षमता ओसरते, तेव्हा त्या मोलाच्या वर्षांतील प्रत्येक घटका कानाला द्यावी, डोळ्याला दिलेली घटका वाया गेली असे समजावे, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील सिद्धान्त खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सिद्धान्ताच्याच मुळावर घाव घालणारा आहे. कारण भाषेला वयाचे बंधन असते ही गोष्ट ज्या पुराव्याने सर्वाधिक निर्णायकपणे प्रस्थापित झाली, तो पुरावा खुणांची भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर माणसांनीच शास्त्राला पुरवलेला आहे.

हे विस्मरण कसे घडले ते पाहण्यासाठी कर्णबधिरांच्या शिक्षणाचा आरंभापासूनचा सगळा इतिहास उगाळण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकातील स्पेनचा पोन्से द लेओन, खुणांचा कैवारी पॅरिसचा आबे द लेपे, उच्चारशिक्षणाचा पुरस्कर्ता लाइपझिगचा हाइनिके, १८१७ साली अमेरिकेत हार्टफर्डला निघालेली गॅलॉडेट आणि क्लेर्क यांची शाळा, आणि १८८० ची मिलान येथील परिषद, ज्या परिषदेत जवळजवळ सर्वच ऐकणाऱ्या प्रतिनिधींनी शाळांमधून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला, ही मालिका वाचकांना परिचित आहे. मिलाननंतर अवघ्या काही वर्षांत मुंबईत माझगावला कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली, आणि पुढे आपल्याकडील बहुतेक शाळांनी ओष्ठवाचन व उच्चारशिक्षण यांचाच मार्ग धरला. या सर्व अनर्थाचे खापर मिलानवर फोडण्याची आता प्रथा पडली आहे, आणि ते पुष्कळसे योग्यही आहे; परंतु मिलानच्या पूर्वी खुणांचा कैवार घेणारे तरी त्यांना भाषा मानत होते काय? लेपेने पॅरिसच्या कर्णबधिरांच्या खुणा आस्थेने उचलल्या खऱ्या, पण त्यांवर फ्रेंच व्याकरणाचे प्रत्यय आणि लिंगवचने चढवून, फ्रेंचपर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणूनच त्या राबवल्या. उभय पक्षांची एका गोष्टीविषयी मूक संमती होती: भाषा म्हणजे अंतिमतः बोलणे, आणि उरलेले सगळे त्याचे दुय्यम पर्याय.

ही समजूत दोन बाजूंनी खचली, आणि त्या दोन बाजूंची गाठ पडायला फार काळ लोटला. पहिली बाजू वैद्यकाची. ज्यांचे कान निर्दोष आहेत, ज्यांची समज तल्लख आहे, आणि तरीही ज्यांना भाषा येत नाही अशी मुले एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांच्या नजरेस पडू लागली होती. अमेरिकेत हेल्मर मायकलबस्ट यांनी १९५४ मध्ये आपल्या ग्रंथात या प्रश्नाला पद्धतशीर रूप दिले. न बोलणारे मूल समोर आले असता त्याला ऐकू येत नाही, की त्याच्या बुद्धीची वाढ मंद आहे, की त्याचे मन कोंडलेले आहे, की केवळ भाषेचीच घडण बिघडली आहे, हे चार प्रश्न वेगळे करून विचारले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रवण असूनही भाषा नसणे शक्य आहे, हे याने निश्चित झाले. दुसरी बाजू भाषाशास्त्राची. गॅलॉडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन खुणांच्या भाषेचे पृथक्करण करून हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल या घटकांतून तिचे शब्द कसे रचले जातात ते दाखवले. श्रवण नसूनही पूर्ण भाषा असणे शक्य आहे, हे याने निश्चित झाले. ही दोन्ही प्रमेये शेजारी ठेवली असती तर श्रवण, वाचा आणि भाषा या तीन स्वतंत्र शक्ती आहेत, ही गोष्ट त्याच दशकात सर्वमान्य व्हायला हरकत नव्हती. पण एक दफ्तर वाचादोषांच्या चिकित्सालयात आणि दुसरे भाषाशास्त्राच्या विभागात पडून राहिले.

याच सुमारास, १९६७ मध्ये, एरिक लेनेबर्ग यांचा भाषेच्या जैविक अधिष्ठानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूळ भाषा शिकण्याची मुदत साधारणतः दोन वर्षांच्या वयापासून पौगंडावस्थेपर्यंत असते, हे त्यांचे सूत्र आज प्रत्येक श्रवणचिकित्सकाच्या तोंडी आहे. मेंदूला इजा झालेली मुले प्रौढांपेक्षा अधिक सहजतेने भाषा परत मिळवतात, हा त्यांचा प्रमुख आधार होता. मेंदूच्या दोन गोलार्धांतील कार्यविभागणीशी त्यांनी त्या मुदतीची जी सांगड घातली ती मात्र पुढे टिकली नाही. त्या काळी या सिद्धान्ताला थेट पुरावा मिळणेच दुरापास्त होते. ज्याला बालपणी कोणतीच भाषा मिळाली नाही असे मूल शोधायचे कोठे? अ‍ॅव्हेरॉनच्या रानात सापडलेला आणि डॉ. इतार यांनी पॅरिसच्या कर्णबधिरांच्या संस्थेत शिकवायला घेतलेला व्हिक्टर, किंवा १९७० साली लॉस एंजेलिसमध्ये एका खोलीत डांबलेल्या अवस्थेत सापडलेली जीनी, ही उदाहरणे हृदय पिळवटणारी आहेत, परंतु शास्त्रीयदृष्ट्या गढूळ आहेत. उपासमार, भय, एकांत आणि कदाचित जन्मजात व्यंग यांच्या गुंत्यातून केवळ भाषेच्या अभावाचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

तो निखळ पुरावा पुढे आला कर्णबधिरांच्या जगातून, आणि माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील निर्णायक वळण हेच आहे. दहांपैकी नऊहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येतात. त्यांच्या घरी माया असते, अन्न असते, खेळ असतो, सोबत असते. नसते ती केवळ त्यांना ग्रहण करता येईल अशी भाषा. मौखिक शाळांनी खुणा वर्ज्य ठरवल्यामुळे यांपैकी कोणाला खुणांची भाषा शाळेत पाऊल टाकताच सवंगड्यांकडून मिळाली, तर कोणाला ती तारुण्याच्या उंबरठ्यावर प्रथम भेटली. कर्णबधिर आईबापांच्या मुलांना मात्र ती पाळण्यापासूनच लाभलेली होती. ऐकणाऱ्या मानवजातीत मातृभाषेला निरनिराळ्या वयांत आरंभ झालेला असा समुदाय कोठेही मिळणे शक्य नव्हते. शिक्षणव्यवस्थेच्या हट्टाने तो येथे नकळत तयार करून ठेवला होता.

एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समुदायाचे तीन गट पाडले: जन्मापासून खुणांची भाषा लाभलेले, चार ते सहा वर्षांच्या वयात तिच्या संपर्कात आलेले, आणि बाराव्या वर्षानंतर आलेले. परीक्षेच्या वेळी तिन्ही गटांतील माणसे किमान ३० वर्षे ती भाषा रोज वापरत होती. वाक्यातील शब्दांचा सामान्य क्रम सर्वांना साधला होता. परंतु क्रियापदाच्या आतील सूक्ष्म रूपे, ज्यांवर त्या भाषेचे सारे सौष्ठव उभे आहे, ती आरंभाचे वय वाढत जावे तशी निसटत गेली होती. तीन दशकांचा सरावही ते नुकसान भरून काढू शकला नव्हता.

रेचल मेबेरी यांनी यापुढचे पाऊल टाकले, आणि तेच आज कोणी लक्षात घेत नाही. उशिरा, पण एकाच सुमाराच्या वयात, खुणांची भाषा शिकलेल्या दोन प्रकारच्या माणसांची त्यांनी तुलना केली. एक प्रकार जन्मतः कर्णबधिर आणि बालपणी भाषेविना राहिलेल्यांचा. दुसरा, बालपणी ऐकत-बोलत वाढून पुढे आजाराने श्रवण गमावलेल्यांचा. नवी भाषा दोघांनाही सारखीच उशिरा मिळाली, तरी दुसऱ्या प्रकारची माणसे तिच्यात स्पष्टपणे सरस ठरली. लहानपणी कानांनी मिळालेल्या भाषेने पुढे हातांनी भाषा शिकण्याची वाट मोकळी ठेवली होती. २००२ मध्ये मेबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट दिशाही पडताळून पाहिली. ज्यांना बालपणी खुणांची भाषा लाभली होती असे कर्णबधिर, इंग्रजीच्या वाक्यरचनेच्या चाचणीत, इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या ऐकणाऱ्या माणसांच्या बरोबरीने उतरले. आणि ज्यांना बालपणी कोणतीच भाषा पुरेशी मिळाली नव्हती ते मागे पडले. म्हणजे ज्या मुदतीचा धाक आईबापांना घातला जातो ती मुदत भाषेची आहे, आणि ती पाळली गेली की नाही हे ठरवताना मेंदू ती भाषा कानावाटे आली की डोळ्यावाटे, याची चौकशी करत नाही.

ध्वनीलाही स्वतःची एक मुदत आहे, ही गोष्ट नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की सुमारे साडेतीन वर्षांच्या आत रोपण झालेल्या मुलांच्या मेंदूचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद ऐकणाऱ्या मुलांसारखा होतो, आणि सात वर्षांनंतर रोपण झालेल्यांत बहुधा तसा होत नाही. म्हणून रोपण करायचे तर लवकर करावे, हा आग्रह रास्त आहे, आणि अपंगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत जन्मतः कर्णबधिर मुलांसाठी पाच वर्षांची अट आहे तिलाही अर्थ आहे. घोटाळा झाला तो दोन मुदती एकाच खात्यावर मांडल्याने. १९९० मध्ये अमेरिकेत मुलांवरील रोपणाला मान्यता मिळाली, पुढे वयाची अट खाली खाली येत गेली, आणि यंत्राची कालमर्यादा हीच भाषेची कालमर्यादा असा समज रूढ झाला. वास्तविक १९९८ मध्ये कोलोरॅडोतील क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी, ज्या मुलांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा पुष्कळ पुढे असते, असे दाखवले तेव्हा त्याच अभ्यासात हेही आढळले होते, की घरी केवळ बोलणे चालो वा खुणांचाही वापर होवो, हा लाभ दोहोंकडे दिसतो. निष्कर्षाचा पूर्वार्ध प्रत्येक जाहीरनाम्यात उतरला. उत्तरार्ध दफ्तरी दाखल झाला.

विरुद्ध पुरावाही आहे, आणि तो लपवू नये. २०१७ मधील एका अमेरिकन अभ्यासात, ज्या कुटुंबांनी रोपणानंतर खुणा वापरल्या नाहीत त्यांची मुले बोलण्यात आणि वाचनात पुढे आढळली. परंतु त्या अभ्यासावर लगेच घेतला गेलेला आक्षेप मला बिनतोड वाटतो: आईबापांना ती भाषा कितपत येत होती हे त्यात पाहिलेच नव्हते. मोडक्यातोडक्या खुणा ही भाषा नव्हे. शिवाय ज्या मुलांचे बोलणे लवकर साधत नाही त्यांचेच पालक खुणांकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणे कठीण होते. याउलट, कर्णबधिर आईबापांच्या पोटी जन्मलेली आणि रोपण झालेली मुले इंग्रजीत आपल्या वयाला साजेशी प्रगती करतात, असे २०१४ मधील एका अभ्यासात दिसले. तो अगदी मोजक्या मुलांवरचा आहे, म्हणून त्यावर सर्व भार टाकता येणार नाही, पण खुणांनी वाचा मारली जाते या समजुतीला तो पुरेसा छेद देतो.

मायकलबस्ट यांचे विसरलेले दफ्तर येथे पुन्हा उघडावे लागते. कान शाबूत असूनही भाषा नीट न घडणारी मुले शंभरांत सुमारे सात असतात, असे अमेरिका आणि इंग्लंड येथील मोठ्या पाहण्यांत आढळले आहे. कर्णबधिरांत तशी मुले नसतील असे मानायला कोणताही आधार नाही. लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये ब्रिटिश खुणांच्या भाषेत वाढणाऱ्या, पण तीच भाषा नीट न साधणाऱ्या कर्णबधिर मुलांचे वर्णन केले. त्यांचा दोष हातांत नव्हता, बुद्धीत नव्हता, कानाशीही त्याचा संबंध नव्हता. समजा, असेच मूल आपल्याकडे रोपणानंतर केवळ बोलण्यावर वाढवले गेले. त्याला शब्द येत नाहीत तेव्हा यंत्र नीट बसले नाही, नाहीतर आईने सराव घेतला नाही, यांपैकी एक निकाल लागतो, आणि बहुधा तो आईच्या विरुद्ध लागतो. ज्या भाषेला कानाची गरज नाही तिच्यात त्या मुलाची परीक्षा केल्याखेरीज खरे निदान व्हायचे कसे?

हीच गफलत ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीतही चालू आहे. मूल उशिरा बोलू लागले, की शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यास घरातील मराठी बंद करण्याचा सल्ला पुण्यामुंबईत सर्रास दिला जातो, जणू डोक्यात एकाच भाषेपुरती जागा आहे. मॉन्ट्रियलमधील फ्रेंच-इंग्रजी द्वैभाषिक मुलांच्या २००३ च्या अभ्यासात भाषादोष असलेली द्वैभाषिक मुले एकभाषी भाषादोषी मुलांपेक्षा अधिक मागे पडलेली आढळली नाहीत. आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते ती भाषा काढून घेतल्याने मुलाची वाचा सुधारत नाही. त्याच्याशी मनमोकळे बोलू शकणारी माणसे तेवढी कमी होतात.

२०१५ मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन संस्था स्थापन झाली, दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने खुणांच्या भाषेला संवादाचे माध्यम म्हणून स्थान दिले, २०२० च्या शैक्षणिक धोरणात तिचा उल्लेख आला. रोपणाच्या लाखोंच्या खर्चाची तजवीज सरकार करते, ती अवश्य करावी. त्याच योजनेत आणखी एक कलम घातले जावे: शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच आईवडिलांना घराजवळ, कर्णबधिर शिक्षकाकडून, खुणांची भाषा विनामूल्य शिकण्याची सोय. आणि तोपर्यंत, ज्या आईबापांना हात बंद ठेवण्याचा हुकूम मिळेल त्यांनी तो देणाऱ्याला इतकेच विचारावे, की यंत्र काम करू लागून शब्द समजेपर्यंतच्या वर्षांत आमच्या मुलाची भाषा कोणती असेल. आणि उत्तर मिळाले नाही, तर तो हुकूम पाळू नये.